शरदातले दोघांचे ताट

आश्विन लागला की आकाशाचा रंग पालटतो. साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस महाराष्ट्रातून माघार घेतो. ढग विरळ होतात आणि चार महिने झाकोळलेले ऊन एकाएकी प्रखर होते. दुपारी अंगाची काहिली व्हावी आणि पहाटे पायांशी चादर ओढून घ्यावीशी वाटावी, असा हा दुहेरी स्वभावाचा ऋतू. बँकेच्या कॅलेंडरातही याच सुमारास एक टप्पा सरतो. सप्टेंबरअखेरची सहामाही लेखाबंदी आटोपते, टेबलावरचे ढीग जरा खाली येतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी पोहोचणे शक्य होते. घरी पोहोचल्यावर चुलीवर काय शिजते आहे आणि ते कोणाच्या संगतीत खायचे आहे, हा प्रश्न मग पुन्हा महत्त्वाचा वाटू लागतो.

आजच्या अनेक घरांत या प्रश्नाचे उत्तर ‘दोघे’ एवढेच असते. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेलेली आणि मागे राहिलेले निवृत्त पती-पत्नी, हे एक चित्र. बदलीच्या आदेशानिशी परप्रांतात नव्याने बिऱ्हाड थाटणारे तरुण जोडपे, हे दुसरे. एकाच्या ओट्याला दहा माणसांचे पातेले पेलण्याची सवय, तर दुसऱ्याच्या ओट्यावर अजून मिसळणाचा डबाही यायचा असतो. अडचण मात्र दोघांची सारखीच. ‘दोघांसाठी काय एवढे करायचे?’ हे वाक्य एकदा घरात शिरले की स्वयंपाक हळूहळू आक्रसत जातो. प्रथम कोशिंबीर जाते, मग आमटी जाते आणि अखेरीस रात्रीचे जेवण चहा-बिस्किटांवर किंवा बाहेरून मागवलेल्या डब्यावर येऊन थांबते. शरद ऋतू ही या उतरंडीला अटकाव करण्याची उत्तम संधी आहे, कारण या दिवसांत बाजारच माणसाला स्वयंपाकघराकडे बोलावतो.

वाटीभर आमटीचे गणित

दोघांचा स्वयंपाक म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाचा निम्मा हिस्सा, असा समज करून घेतला की पदार्थ बिघडतो. डाळ निम्मी होते, तांदूळ निम्मे होतात. पण बाकीचे हिशेब इतके सरळ नसतात. मोठ्या कढईत थोडे तेल घातले तर ते तळाशी पसरते, मोहरी बुडत नाही आणि तडतडण्याऐवजी करपते. म्हणून दोघांच्या घरात सर्वांत आधी हवी ती फोडणीची लहान लोखंडी पळी. तिच्यात दोन चमचे तेलही खोल राहते आणि फोडणी खमंग होते. पाण्याचेही तसेच आहे. उघड्या भांड्यातून वाफ होऊन जाणारे पाणी पदार्थाच्या प्रमाणापेक्षा भांड्याच्या तोंडावर अधिक अवलंबून असते. रुंद पातेल्यातली वाटीभर आमटी पाहता पाहता आटते आणि खारट होते. लहान, उभट भांडे घ्यावे आणि मीठ शेवटी, चव घेऊन घालावे. कुकरच्या तळाशी घालायचे पाणी मात्र निम्मे करून चालत नाही; आतल्या डब्यात एक वाटी तांदूळ असोत की तीन, वाफ तयार होण्यापुरते पाणी लागतेच.

मराठी घरांना हे गणित सोपे वाटावे याचे थोडे श्रेय कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रकाशित झालेल्या ‘रुचिरा’लाही द्यावे लागेल. तराजू-मापांऐवजी वाटी आणि चमच्याची भाषा त्या पुस्तकाने घरोघरी रुजवली. वाटी हे प्रमाणाचे माप असल्यामुळे ती लहान घेतली की पदार्थ आपोआप लहान होतो. अर्धी वाटी बेसन, दीड ते दोन वाट्या पाणी, कांदा, लसूण, हिरवी मिरची, हिंग-हळदीची फोडणी आणि वरून कोथिंबीर, एवढ्या भांडवलावर दोघांचे पिठले पाऊण तासाच्या आत भाकरीसह ताटात येते.

शरदाची मंडई

या दिवसांतल्या मंडईत दोन ऋतू एकमेकांना भेटतात. पावसाळ्याचे दोडके, पडवळ, घोसाळी आणि अळू अजून निरोप घेत असतात, तर लाल भोपळा ऐटीत बसलेला असतो. खरिपाचा भुईमूग उपटला गेल्यामुळे मातीचा वास असलेल्या ओल्या शेंगांच्या राशी लागतात. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचे भांडे दोघांच्या मध्ये ठेवावे आणि टरफलांचा ढीग वाढत जाताना गप्पाही वाढाव्यात, यासारखा स्वस्त आणि निवांत आनंद दुसरा नाही. विदर्भातल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांतले शिंगाडे याच सुमारास बाजारात येऊ लागतात. मराठवाड्यातली आणि पुरंदरच्या टेकड्यांवरची सीताफळे पाट्यांतून डोकावतात. बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकनाचा मानही लाभला आहे. सीताफळ हे मुळातच घाई नसलेल्यांचे फळ. एकेक बी तोंडात घोळवत ते खावे लागते. एका हाताने कामे करीत, उभ्याउभ्या खाण्याची त्याची जातच नव्हे.

आयुर्वेदाच्या परंपरेने या ऋतूचा आहारही सांगून ठेवला आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदातल्या उन्हाने उसळते, अशी ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्येची मांडणी आहे. म्हणून कडू, गोड आणि तुरट रसांचे पदार्थ, साळीचा भात, मूग, साखर, आवळा आणि पडवळ यांना तेथे पसंती दिली आहे. दही आणि तेल टाळावे असे म्हटले आहे. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, पडवळाची डाळ घालून केलेली भाजी आणि वर तुपाची धार या साध्या जेवणामागे इतका जुना विचार उभा आहे. कार्तिकात आवळा येऊ लागला की आवळीभोजनाचा बेत ठरतो. आवळ्याच्या झाडाखाली सहकुटुंब जेवण्याची ही प्रथा म्हणजे आपल्याकडची जुनी वनभोजनेच. झाड जवळ नसेल तर दोघांनी एक डबा घेऊन एखाद्या बागेत जाऊन बसण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही.

नव्या तांदळाचा मऊपणा

कोकणात हळव्या भाताची कापणी या दिवसांत सुरू होते. नव्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधण्याची आणि नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखवण्याची रीत तेथे अजून पाळली जाते. आश्विनी पौर्णिमेला त्यामुळेच ‘नवान्न पौर्णिमा’ असेही नाव आहे.

नवा तांदूळ शिजवणे ही मात्र परीक्षाच असते. जुना तांदूळ पाणी अधिक ओढतो, फुलतो आणि त्याची शिते सुटी राहतात. नवा तांदूळ कमी पाण्यात शिजतो आणि शिते एकमेकांना चिकटतात. ज्याला पुलाव करायचा आहे त्याची त्यामुळे निराशा होते. पण ज्याला मऊ भात हवा आहे त्याचे भाग्य उजळते. गरम मऊ भात, मेतकूट, चमचाभर तूप आणि लिंबाच्या लोणच्याची फोड हे ताट आजारपणातले म्हणून उगीच बदनाम झाले आहे. वयोमानाने दात आणि पचन दोन्ही नाजूक झालेल्या जोडप्याला, तसेच दिवसभर काउंटरवर उभे राहून थकलेल्या तरुणालाही, ते सारखेच सुखावते. भात उरला तर तो ओट्यावर रात्रभर उघडा ठेवू नये. निवताच झाकून शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वाफ आणून फोडणीला टाकावा. शिळ्या भाताची फोडणी ही दोघांच्या घरातली खरी न्याहारी आहे.

भाकरीचे दोन टोके

काही पदार्थ असे असतात की ते एकट्याने करण्यापेक्षा दोघांनी केल्यास अधिक चांगले होतात. भाकरी त्यांपैकी एक. नवी बाजरी या दिवसांत बाजारात येते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश असल्यामुळे ते लवकर कडवट होते. म्हणून दोघांच्या घरात ते थोडे थोडे, आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे. गरम पाण्यात पीठ मळायचे, एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, परातीत थापायचा, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकण्याआधी उलटायचे आणि शेवटी विस्तवावर फुगवायचे. या साखळीत उसंत नसते. एकटा माणूस तव्यावरची भाकरी पाहत राहिला तर परातीतली वाळते; परातीत रमला तर तव्यावरची करपते. एकाने थापावे आणि दुसऱ्याने भाजावे, म्हणजे लय जमते. पहिली भाकरी नकाशासारखी होते, दुसरी तुटते, तिसरी मात्र टम्म फुगते आणि त्या क्षणी स्वयंपाकघरात उमटणारे हसू पाहण्यासारखे असते.

दिवाळीच्या फराळाचेही तेच. चकलीची भाजणी मळून सोऱ्यात भरायची, वळी पाडायची आणि दुसऱ्याने मध्यम आचेवर ती तळायची. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळू लागते, कमी झाले तर कडक होते. तेलातले बुडबुडे मंदावले की आतले पाणी गेले, चकली तयार झाली, ही खूण सोऱ्याच्या मुठीपासून मोकळा असलेलाच नीट टिपू शकतो. दोघांच्या फराळाला दोन वाट्या भाजणी पुरे होते. शेजारी एक वाटी द्यावी आणि उरलेले सकाळच्या चहाबरोबर संपवावे. डबे भरभरून ठेवण्याचा काळ ज्यांच्या घरातून सरला आहे, त्यांनी ताजे आणि थोडे करण्याचे सुख आजमावून पाहावे.

पहिला घास आणि नंतरची वर्षे

मराठी लग्नात एक हृद्य प्रसंग असतो. पंगतीत वधूवरांना शेजारी बसवले जाते, भोवती रांगोळी असते आणि नाव घेऊन एकमेकांना घास भरवण्याचा आग्रह होतो. जिलबीचा तो घास छायाचित्रात कायमचा राहतो. परंतु त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत हे दोघे किती वेळा एकाच वेळी पानावर बसतात? एक जण जेवत असतो आणि दुसरी तव्यापाशी उभी असते. ‘अहो, गरम पोळी घ्या’ या प्रेमळ वाक्यात, तिची स्वतःची पोळी गार होत असल्याचे सत्य दडलेले असते. ती जेवायला बसते तेव्हा तो हात धुऊन उठलेला असतो.

हा केवळ भावनेचा विषय नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के होते, तर पुरुषांचे २६.१ टक्के. ही कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे त्यांत घालवीत होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. पाच वर्षांत स्त्रियांचा वेळ थोडा घटला, पुरुषांचाही घटला. अंतर मात्र जवळपास तेथेच राहिले.

निवृत्तीनंतर हे अंतर अधिक बोचते. पुरुषाला कार्यालयातून निवृत्ती मिळते, निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते. ओट्यापासून निवृत्तीचा समारंभ कोणी पाहिला आहे काय? म्हणूनच दोघांच्या घरातली पहिली सुधारणा एखाद्या नव्या पदार्थाची नसून बसण्याच्या वेळेची असावी. पोळ्या आधी करून डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवस भात, खिचडी, थालीपीठ अशा एकत्र वाढता येणाऱ्या पदार्थांचे ठेवावेत. पाने एकाच वेळी मांडावीत. पाणी, मीठ, लोणचे आधीच जवळ घ्यावे, म्हणजे कोणालाही मध्येच उठावे लागत नाही. एवढ्याशा शिस्तीने गरम भाताचा पहिला घास दोघांच्याही तोंडी एकाच वेळी जातो.

एक चंद्र, अनेक वाट्या

शरदातल्या खाद्यसुखांचा शिरोमणी म्हणजे कोजागरी. त्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, अशी श्रद्धा आहे. दोघांसाठी अर्धा लिटर साईचे दूध पुरते. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ते पाऊण हिश्श्यावर येईपर्यंत आटवावे आणि कडेची साय खरवडून पुन्हा दुधात मिसळावी. दोन-तीन चमचे साखर, कोमट दुधात भिजवलेले केशर, बदाम-पिस्त्यांची भरड, थोडी चारोळी, वेलची आणि किसणीवर दोनदाच फिरवलेले जायफळ एवढे घालून गच्चीत किंवा खिडकीत चंद्राच्या प्रकाशात ठेवावे.

बदलीच्या गावी गेलेल्या मराठी माणसाला हा चंद्र ओळखीचा भेटतो, वाटी मात्र निराळी असते. गुजरातेत शरद पूनमेला गार दुधात पोहे घालून दूध-पौंआ करतात. उत्तर भारतात खीर रात्रभर चांदण्यात ठेवून सकाळी प्रसाद म्हणून घेतात. बंगालमध्ये त्या रात्री कोजागरी लक्ष्मीपूजा होते आणि नारळाचे नाडू वळले जातात. मिथिलेत तर हा सण नवविवाहितांचाच. ‘कोजागरा’च्या दिवशी नव्या नवरीच्या माहेराहून जावयाच्या घरी मखाणे, विड्याची पाने आणि मिठाई येते आणि ती गावात वाटली जाते. उत्तरेला काश्मीरमध्ये शरद ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. तेथे घराघरांत दुधी, वांगी आणि टोमॅटो कापून हिवाळ्यासाठी वाळत घातलेले दिसतात. शेजाऱ्याकडून एक वाटी घ्यावी आणि आपली एक वाटी द्यावी. परक्या शहरात घर उभे राहते ते बहुधा अशाच देवाणघेवाणीतून. त्या खात्यात शिल्लक कधी कमी पडत नाही.

महाराष्ट्रात कोजागरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. ज्यांचे ज्येष्ठ अपत्य सातासमुद्रापार आहे, ते आईवडील हल्ली दूरध्वनीच्या पडद्यासमोर निरांजन धरतात. तिकडे दुपार असते, मुलगी कामाच्या गडबडीत असते, तरी क्षणभर थांबून हसते. पडदा विझल्यावर घरात दोन पेले उरतात. ते गार होण्याआधी पिऊन टाकणे आणि ‘यंदा जायफळ जरा जास्तच झाले’ असे एकमेकांना सांगणे, यातच त्या रात्रीचे समाधान असते.

शिकून ठेवावी अशी चव

दोघांच्या घराबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा उच्चारली जात नाही. दोघांपैकी एक जण कधी ना कधी मागे राहणार असतो. ज्याला आयुष्यभर आयते ताट मिळाले, त्याला त्या दिवसानंतर साधा वरणभातही परका होतो; आणि जिने आयुष्यभर इतरांसाठी रांधले, तिला एकटीसाठी चूल पेटवण्याचे कारणच उरत नाही. एकाला कौशल्य नसते, दुसरीला उमेद नसते. उपासमार दोन्हीकडे सारखीच होते, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

यावरचा उपाय सोबत असतानाच करायचा असतो. कुठल्या डब्यात काय आहे, वरणाला किती पाणी, फोडणीत आधी काय, कुकरच्या किती शिट्ट्या, हे त्याने आज शिकून घ्यावे; तिच्या देखरेखीखाली, तिची थट्टा सहन करीत. घरच्या मसाल्याचे प्रमाण वहीत लिहून ठेवावे, कारण ‘अंदाजाने’ हा शब्द वारसाहक्काने मिळत नाही. आणि तिने कधीतरी पाटावर बसून, त्याने केलेले थोडे खारट पिठले नावे न ठेवता खावे. कोणीतरी आपल्यासाठी रांधले आहे, ही चव तिला अपरिचित असू शकते. तीही शिकून ठेवावी, म्हणजे पुढे कधी स्वतःसाठी रांधताना हात आखडणार नाही.

घरोघरी बचतीची सवय लागते ती मोठ्या रकमांनी नव्हे. ठरलेल्या दिवशी, ठरलेली छोटी रक्कम बाजूला पडत राहिली की काम होते. सोबतीचेही तसेच आहे. आठवड्यातली दोन संध्याकाळची जेवणे, एक पातेले आणि शेजारी मांडलेली दोन पाने, एवढ्या हप्त्यांवर ती वाढत राहते. कार्तिक संपेल, थंडी पडेल, वालपापडी आणि वांगी येतील, पुढे हुरडा येईल; प्रत्येक ऋतू आपापली पाटी घेऊन दारात उभा राहील. त्या पाटीतले काय घ्यायचे आणि आज कोणी काय चिरायचे, एवढे दोघांनी मिळून ठरवावे, म्हणजे उरलेला बेत आपोआप जमतो.